टायपिंगच्या कीबोर्डवर उपज

‘मी कीबोर्ड वाजवतो’ असं कुणी म्हटलं की नाशिकमध्ये समोरच्याच्या डोळ्यांपुढे ऑर्केस्ट्रातला किंवा भजनी मंडळातला ‘कॅसिओ’ येतो. इथे तो कीबोर्ड नाही. इथे आहे तो अर्ज टाइप करायचा, एबीसीडी छापलेला, चार-पाचशे रुपयांचा प्लास्टिकचा कीबोर्ड. त्यावर सूर वाजतात, आणि पाठ केलेली धूनच नव्हे तर जागच्या जागी सुचेल तशी उपजही घेता येते. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तरीही बरेच जण चार दिवसांत कंटाळतात. सुचत नाही म्हणून नव्हे, तर कळ दाबली तरी सूर येत नाही, आला तर उशिरा येतो, किंवा आलेला थांबतच नाही म्हणून. तेव्हा आधी यंत्राकडे पाहू, मग सुरांकडे.

तिसरी कळ गप्प का बसते

कीबोर्डवर शंभराच्या आसपास कळा असतात, पण प्रत्येकीला स्वतंत्र तार नसते. आतल्या प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी छापलेली असते. कळ दाबली की एक उभी आणि एक आडवी रेघ एकमेकींना टेकतात, आणि आतली चिप एकेक रेघ तपासत कुठे जोड झाला ते ओळखते. आता पंचवटीतला एखादा चौकोनी गल्ल्यांचा तुकडा डोळ्यांपुढे आणा. चारपैकी तीन कोपऱ्यांवरची फाटकं उघडी असली, तर चौथं बंद असूनही माणूस वळसा घालून पलीकडे पोचतो. कीबोर्डमध्ये वीज तेच करते. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा दाबल्या की चिपला चौथीही दाबल्यासारखी वाटते. या भुताटकीला ‘घोस्टिंग’ म्हणतात. ती टाळायला स्वस्त कीबोर्ड सोपा उपाय करतो: संशय आला की तिसरी कळ मोजायचीच नाही. टाइप करताना हे कळत नाही, कारण आपण एका वेळी एकच अक्षर दाबतो. सा-ग-प एकत्र धरायला गेलं की लगेच कळतं.

यावर दुसरी मर्यादा यूएसबीची. कीबोर्ड कम्प्युटरला जो साधा निरोप पाठवतो तो ८ बाइटचा असतो. त्यात शिफ्ट, कंट्रोल वगैरेंसाठी एक बाइट, एक राखीव, आणि उरलेल्या सहांत सहा कळा. म्हणजे उत्तम कीबोर्डवरही या पद्धतीने सहाच सूर एकत्र. ‘एन-की रोलओव्हर’ लिहिलेल्या कीबोर्डांत प्रत्येक कळीला डायोड (विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो आणि निरोपही मोठा असतो, तिथे ही अडचण येत नाही.

आपला कीबोर्ड कसा आहे हे पाहायला नोटपॅड पुरे. दोन्ही हातांनी डावी आणि उजवी शिफ्ट दाबून धरा आणि दुसऱ्या कुणाला ए ते झेड सगळी अक्षरं टाइप करायला सांगा. जी अक्षरं उमटली नाहीत, ती कळ दोन शिफ्टसोबत अडकते. मग शिफ्ट सोडा आणि वाजवायच्या कळांच्या तिकड्या तपासा: ए-डी-एफ, झेड-सी-बी, क्यू-ई-टी. प्रत्येक मॉडेलची जाळी वेगळी असते, म्हणून दुसऱ्याच्या कीबोर्डवर चाललेली तिकडी आपल्यावर चालेलच असं नाही. एम. जी. रोडवर नवा कीबोर्ड घ्यायला गेलात तर डबा उघडून ही चाचणी दुकानातच करा. दुकानदार जरा विचित्र नजरेने पाहील, पाहू दे.

आणि एक. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाचदा दाबली की ‘स्टिकी कीज’ची खिडकी उघडते, उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की ‘फिल्टर कीज’ची. ऐन रंगात आलेला असताना यापेक्षा बेसूर काही नाही. दोन्हींचे शॉर्टकट सेटिंगमध्ये जाऊन आधीच बंद करा.

बोट आणि सूर यांतलं अंतर

कळ दाबल्यापासून सूर कानावर येईपर्यंतच्या वेळेला लेटन्सी म्हणतात. साधा यूएसबी कीबोर्ड दर ८ मिलिसेकंदांनी विचारला जातो, गेमिंगचा दर १ मिलिसेकंदाने. पण खरा उशीर ध्वनीच्या बफरमध्ये होतो. कम्प्युटर आवाजाचे तुकडे थोडे साठवून मग पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या हिशेबाने १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सुमारे ६, आणि १२८ चा म्हणजे ३.

हे आकडे मोठे की लहान? ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. गणपतीच्या आधी गोदाकाठच्या मैदानात ढोलपथकाचा सराव चालतो, तिथे १० मीटरवरच्या ढोलाचा ठोका २९ मिलिसेकंदांनी उशिरा पोचतो. तरी पथक तालात राहतं, कारण वादक कानापेक्षा समोरच्या हाताकडे जास्त पाहतात. स्वतःच्या बोटाच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. एकूण उशीर २० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोट तक्रार करत नाही. ४० च्या पुढे गेला की हात आपोआप लय खेचायला लागतो, आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच ताल कच्चा.

म्हणून बफर २५६ वर ठेवा. आवाजात चरचर आली तर ५१२. लॅपटॉप बॅटरीवर असताना चरचर वाढते, कारण वीज वाचवायला प्रोसेसर मंद केलेला असतो, तेव्हा चार्जर लावा. विंडोजवर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट ड्रायव्हर टाकला की बफर खाली आणता येतो. ब्लूटूथ हेडफोनचा विचारच सोडा. त्यात शंभर-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. तारेचा हेडफोन घ्या, साधा चालेल. फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजता वाजवायचं तर तो तसाही लागणारच.

आणखी एक हमखास फसवणारी जागा म्हणजे विंडोजच्या पोटातला जुना मिडी सिंथ. मिडी म्हणजे ‘अमुक सूर सुरू, अमुक बंद’ असे निरोप, आणि सिंथ म्हणजे त्यांचा आवाज करणारं सॉफ्टवेअर. नवीन माणूस व्हीएमपीके हा कळांचे मिडी निरोप करणारा फुकट कार्यक्रम (प्रोग्राम) टाकतो, तो आपोआप या सिंथला जोडला जातो, आणि सूर इतका उशिरा येतो की माणूस कीबोर्डलाच नावं ठेवतो. आउटपुटमध्ये फ्लुइडसिंथ हा दुसरा सिंथ दिसत असेल तर तो निवडा. नाहीतर लूपमिडी ही आभासी तार वापरून मिडी एलएमएमएस या फुकट संगीत-कार्यक्रमाकडे पाठवा आणि आवाज तिथे काढा.

सूर कुठे ठेवायचे

तयार मांडणी बहुतेक कार्यक्रमांत एकच दिसते. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्कीने अमिगा कम्प्युटरसाठी केलेल्या सॉफ्टवेअरपासून ‘ट्रॅकर’ नावाचे संगीताचे कार्यक्रम रुळले, आणि त्यांच्यासोबत ही मांडणीही. खालच्या रांगेत झेड म्हणजे सा, एक्स रे, सी ग, व्ही म, बी प, एन ध, एम नि. त्यांच्या वरच्या रांगेत एस कोमल रे, डी कोमल ग, जी तीव्र म, एच कोमल ध, जे कोमल नि. क्यूपासून पुढचं सप्तक, त्याच्या काळ्या पट्ट्या आकड्यांवर: २, ३, ५, ६, ७. पेटीच्या काळ्या पट्ट्या जशा दोन-दोन पांढऱ्यांच्या मध्ये असतात, तशा इथेही बसतात, कारण टाइपरायटरच्या रांगा एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात. एलएमएमएस आणि एफएल स्टुडिओत हीच मांडणी आहे. मॅकच्या गॅरेजबँडमध्ये सा ए-वर असतो, काळ्या पट्ट्या वरच्या रांगेत, आणि झेड-एक्सने सप्तक बदलतं.

पेटी येत असेल त्याला ही मांडणी लगेच कळते. उपजेसाठी मात्र ती बरी नाही. भूप राग वाजवायचा तर झेड, एक्स, सी, मग व्ही गाळून बी, एन. गाळलेल्या कळीवर बोट पडणार, मध्यम वाजणार, आणि भूपात मध्यम म्हणजे जेवणात खडा. शिवाय बोटं लक्ष ठेवण्यात गुंतली की डोकं सुचवायचं थांबवतं.

म्हणून आपली मांडणी आपण करायची. व्हीएमपीकेमध्ये कीबोर्ड मॅप बदलता येतो: तक्त्यात कळीच्या नावापुढे सुराचा आकडा लिहायचा. सा शून्य धरला की रे २, ग ४, प ७, ध ९. मधल्या रांगेत ए, एस, डी, एफ, जी यांवर हे पाच लिहा. एच, जे, के, एल आणि शेजारच्या अर्धविरामाच्या कळीवर तार सप्तकाचे १२, १४, १६, १९, २१. कार्यक्रम पूर्ण मिडी क्रमांक मागत असेल तर प्रत्येकात ६० मिळवा. ६० म्हणजे मधली पांढरी एक, पाश्चात्त्यांचा सी. आता या रांगेत चुकीचा सूर नाहीच. डाव्या हाताची बोटं टाइपिंगच्या जागीच बसतात, फक्त तर्जनी एफ आणि जी दोन्ही सांभाळते.

राग बदलायचा तर बोटं तीच, आकडे दुसरे. दुर्गा ०, २, ५, ७, ९. हंसध्वनी ०, २, ४, ७, ११. मालकंस ०, ३, ५, ८, १०. प्रत्येकाची वेगळी फाइल करून ठेवा. पट्टी बदलायची तर ट्रान्सपोझ एकने वाढवला की काळी एक, दोनने पांढरी दोन. मांडणीला हात लावायची गरज नाही.

मराठी वाचकाला लागणारी एक सूचना इथेच देऊन टाकू. कम्प्युटर मराठी इनस्क्रिप्टवर असताना वाजवायला बसलात तर कित्येक कार्यक्रम पूर्ण मुके होतात. ते कळीची जागा वाचत नाहीत, तिच्यातून निघणारं अक्षर वाचतात, आणि ‘ए’च्या कळीतून तेव्हा मराठी अक्षर निघत असतं. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, कॅप्स लॉकचा दिवा बंद आहे ना तेही पाहा. व्हीएमपीकेत ‘रॉ कीबोर्ड’ चालू केलं तर तो थेट जागा वाचतो आणि हा प्रश्न मिटतो.

सूर अडकून राहण्याचं कारणही असंच साधं आहे. कळ दाबलेली असताना माउसने दुसऱ्या खिडकीवर क्लिक झालं की कळ सोडल्याचा निरोप त्या दुसऱ्या खिडकीला जातो, आणि पहिली बिचारी सूर धरून बसते. ‘पॅनिक’ नावाचं बटण याचसाठी असतं.

उपज

आधी आधारस्वर. फोनवर तानपुऱ्याचं अॅप लावा, पांढरी एक, सा-प. मालकंसाला सा-म, कारण त्यात पंचम नाही. मेट्रोनोम मिनिटाला ६० वर.

पहिल्या दिवशी तीनच सूर: सा, रे, ग. चार मात्रा वाजवायचं, चार मात्रा गप्प. गप्प राहणं वाटतं तितकं सोपं नाही. बोट कळेवर असतं आणि मेट्रोनोम टोचत असतो. पण त्या चार मात्रांतच पुढचं सुचतं, आणि ऐकणाऱ्यालाही आधीचं पचवायला वेळ मिळतो. वाक्य विचारल्यासारखं वाजवा, म्हणजे सा सोडून दुसऱ्या सुरावर थांबा: सा रे ग रे, आणि रे धरून ठेवा. पुढच्या चार मात्रांत उत्तर: तीच सुरुवात, पण शेवट सा-वर. सुरुवात तीच ठेवल्यामुळे कानाला दोन्ही एकाच घरातली वाटतात. दहा मिनिटं हेच करा. कंटाळा आल्याशिवाय चौथा सूर घेऊ नका.

मग प आणि ध येऊ द्या. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. भूप आणि देशकार यांचे सूर हेच पाच. भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, ग, देशकाराचा ध. तुमच्या मांडणीत दोन्ही त्याच कळा आहेत, पण डी-वर टेकत, पुन्हा पुन्हा तिथे परत येत वाजवलंत तर भूप, आणि जी-वर टेकून वरच्या अर्ध्यात रमलात तर देशकाराकडे कल. पाच कळा म्हणजे राग नव्हे, मुक्काम कुठे करता यावर तो ठरतो. ग प ध, ध प ग, प ग, रे सा अशी लहान वाक्यं जुळवा आणि प्रत्येकात ग-ला इतरांपेक्षा जास्त वेळ द्या.

मुळात इथे कमी-जास्त देता येतो तो फक्त वेळच. पेटीला भाता असतो, सतारीला नखीचा जोर. टायपिंगची कळ हळू दाबा की जोरात, कम्प्युटरला ‘दाबली’ एवढंच कळतं, आणि सगळे सूर एकाच जोराने निघतात. नवशिक्याचं वाजवणं यामुळेच मोबाइलच्या रिंगटोनसारखं वाटतं. उपाय वेळेतच शोधायचे: महत्त्वाचा सूर लांब धरा, बाकीचे तोडून वाजवा. महत्त्वाच्या सुराआधी अर्धी मात्रा रिकामी ठेवा. किंवा तो सूर दोन सप्तकांत एकदम दाबा, ए आणि एच, की आपोआप भारदस्त होतो. मोकळा असेल त्या हाताने माउस सिंथच्या व्हॉल्यूमच्या बटणावर ठेवून भात्याचं कामही करता येतं. मग मात्र उपज एका हाताची.

तिहाई बसवून पाहा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. त्याने तालाचा हिशेब बोटात येतो. तीनताल, १६ मात्रा. पाच सुरांचा तुकडा घ्या: ग प ग रे सा, म्हणजे डी-एफ-डी-एस-ए, दर मात्रेला एक सूर. तीनदा वाजवला की १५ मात्रा होतात, आणि शेवटचा सा पुढच्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे सतराव्या मात्रेवर यायला हवा. सतरातून चौदा गेले, तीन. म्हणून सुरुवात तिसऱ्या मात्रेवर. पहिला तुकडा ३ ते ७, दुसरा ८ ते १२, तिसरा १३ ते १६ आणि सम. पहिल्या दोन मात्रा तोंडाने मोजा आणि मग सुटा. एकदा समेवर ए पडला की पुढे दुसरे तुकडे आपोआप सुचायला लागतात. चार सुरांचा तुकडा घेतला तर तीन वेळांच्या १२ मात्रा. १७ वजा ११, म्हणजे सुरुवात सहावीवर.

ताशाचा कडकडाट

नाशिक ढोलाची सवय असलेल्या कानाला सुरांपेक्षा ठोका आधी सुचतो. त्याच कीबोर्डवर ढोल-ताशाचे नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले ठोके, टाकता येतात: एफ-वर ढोलाची हाताची थाप, जे-वर टिपरूचा ठोका. ताशा मात्र एका कळीवर ठेवू नका. मिनिटाला १५० च्या लयीत मात्रेचे चार भाग केले तर सेकंदाला दहा ठोके होतात. एका बोटाने एकच कळ तितक्या वेगाने वर-खाली होत नाही, आणि कळ दाबल्यावर आतले संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात म्हणून चिप तेवढा वेळ दुसरा ठोका मोजतही नाही. ताशाचा आवाज डी आणि के अशा दोन कळांवर ठेवा आणि दोन हात आलटून-पालटून चालवा, तसाही ताशेवाला दोन काड्यांनीच वाजवतो. दोन्हींवर अगदी एकच नमुना टाकलात तर मशीनगन चालल्यासारखं ऐकू येतं. एक नमुना थोडा मऊ, थोडा खालच्या सुराचा घ्या, की काड्या दोन असल्याचा भास होतो.

कळ धरून ठेवली की टाइप करताना अक्षर सारखं उमटत राहतं, तसा काही कार्यक्रमांत ठोकाही सारखा पडतो. ही ऑटो-रिपीटची करामत. स्वतः ब्राउझरमध्ये छोटा कार्यक्रम लिहीत असाल तर पुनरावृत्तीचे निरोप गाळून टाकायची ओळ सगळ्यात आधी लिहा.

मींड आणि श्रुती

पेटीवर जो आक्षेप घेतला गेला, तोच इथे लागू आहे. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही आणि सूर ठरावीक घरांत अडकतात, ही मुख्य कारणं. कम्प्युटरवर दोन्हींवर थोडा इलाज आहे. एलएमएमएसमध्ये असलेल्या झिनअॅडसबएफएक्स या सिंथमध्ये पोर्टामेंटो (सूर घसरवण्याची सोय) चालू करा, वेळ ८० ते १२० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, आणि एका वेळी एकच सूर वाजेल असं करा. आता एक कळ सोडण्याआधी दुसरी दाबली तर सूर घसरत जातो, सोडून दाबली तर स्वच्छ तुटतो. म्हणजे मींड कधी घ्यायची ते बोटच ठरवतं. पोर्टामेंटो ३०० च्या पुढे नेला तर सगळंच सायरनसारखं होतं.

श्रुतीचं गणित कानाला लगेच पटतं. तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार सा-च्या सव्वापट असतो. पांढरी एकच्या सा-ला २६१.६३ हर्ट्झ धरलं तर ३२७. कीबोर्डचा समान भागांचा गंधार ३२९.६. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे अडीच वेळा आवाज हेलकावतो. हेडफोन लावून ग धरून ठेवा, ऐकू येईल. याच सिंथमध्ये सुरांचा तक्ता बदलता येतो. सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. ग ४०० सेंटऐवजी ३८६, ध ९०० ऐवजी ८८४, आणि रे २०४ केला की भूप तानपुऱ्यात मिसळून जातो. कळा त्याच, पण फरक इतका पडतो की बऱ्याच जणांना आवाजच बदलल्यासारखं वाटतं.

तरीही आंदोलन (सुराचं हलकं झुलणं) आणि बारीक कण (शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श) हे गळ्यातूनच शिकायला हवेत. गायक द. वि. पलुस्करांचा जन्म नाशिकचा, १९२१ चा. त्यांचं गाणं लावा, एक ओळ ऐका, स्वतः गुणगुणा, मग ती पाच कळांवर शोधा. जे सापडणार नाही ते सूर जोडण्यात असतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे शोधताना कळतं.

रेकॉर्डिंग करताना मायक्रोफोन वापरू नका, कळांची टकटक सुरांपेक्षा मोठी येते. कार्यक्रमाच्या आतच आवाज आणि मिडी दोन्ही नोंदवा आणि ‘क्वांटाइझ’ बंद ठेवा. ते चालू असलं की प्रत्येक सूर जवळच्या मात्रेवर ओढला जातो, आणि समेवर आपण खरंच आलो होतो की कम्प्युटरने आणून सोडलं, हे दुसऱ्या दिवशी ऐकताना सांगता येत नाही.